आठ महिन्यांचा दत्तक कुत्रा ‘चावरा’ ठरवण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सोसायट्यांमधील पाळीव कुत्र्यांच्या भुंकण्याविषयी तक्रार करणारी आणि त्या तक्रारींना उत्तर देणारी पत्रे वाचली. कायदा, हक्क आणि भूतदया यांवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. कुत्रा मुळात का भुंकतो आणि दात का लावतो, याकडे मात्र कोणी फारसे वळले नाही. मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेला पशुवैद्यक असून कर्वेनगरात राहतो. ओळखीपाळखीतून ज्या घरांत मला बोलावले जाते, तेथील कहाणी बहुतेक वेळा एकच असते. एखाद्या संस्थेकडून किंवा रस्त्यावरून सात-आठ महिन्यांचा कुत्रा दत्तक आणला, सुरुवातीचे काही दिवस तो कोपऱ्यात गुपचूप बसून राहिला, आणि आता तो घरच्यांचे हात धरतो, पायजमा ओढतो, जिन्यात पाऊल वाजले तरी भुंकून मजला डोक्यावर घेतो. ‘किती शांत होता हो, आता बिघडला,’ असे यजमान सांगतात आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली घेऊन, त्याला परत देता येईल का असे विचारतात.

असा कुत्रा सहसा बिघडलेला नसतो. तो वयात येत असतो आणि नव्या घरात नुकता कुठे मोकळा होऊ लागलेला असतो. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून घरच्यांची भंबेरी उडते. हा काळ सरतो, परंतु तोवर घराने काही व्यवस्था लावावी लागते आणि शेजाऱ्यांनी थोडा धीर धरावा लागतो. त्या व्यवस्थेविषयी सविस्तर लिहिण्याची मुभा घेतो.

साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत, मोठ्या चणीच्या जातींत दोन वर्षांपर्यंतही, कुत्र्याचे हे अर्धवट वय चालते. अंगाने तो पुरता वाढलेला दिसतो, पण स्वतःला आवरण्याची शक्ती अजून पक्की झालेली नसते. ब्रिटनमधील न्यूकॅसल, नॉटिंगहॅम व एडिंबरा या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचे असताना ‘बस’ म्हटले की बसणारे कुत्रे आठव्या महिन्यात तीच आज्ञा मानायला टाळाटाळ करू लागले. गंमत अशी की अनोळखी माणसाने सांगितले तर ते पूर्वीसारखेच ऐकत होते, फक्त स्वतःच्या पालकाचे ऐकत नव्हते. वर्षाचे होईपर्यंत त्यांचे वागणे पुन्हा सुधारलेले आढळले. ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचे अपत्य आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता नवेपणाचे. प्राण्यांच्या निवाऱ्यांत काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराचा दिनक्रम उमगू लागतो आणि हे आपलेच घर आहे असे वाटायला तीन महिने लागतात. हा काही शास्त्रीय नियम नव्हे, पण पहिल्या आठवड्यातील शांतता हा त्याचा स्वभाव समजू नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे. ती शांतता पुष्कळदा भीतीची असते. भीती ओसरली की खरा कुत्रा बाहेर येतो, आणि तो आठ महिन्यांचा असल्यामुळे हुंदडतच बाहेर येतो.

दातांविषयी एक समज दूर करायला हवा. ‘दात येत आहेत म्हणून चावतो’ हे चार-पाच महिन्यांच्या पिल्लाबाबत खरे असते. दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत येतात. त्यानंतर ते कारण पुरत नाही. कुत्रा जगाची चाचपणी तोंडाने करतो, खेळतोही तोंडाने. दाताचा जोर किती लावायचा हे तो आईकडून आणि भावंडांकडून शिकतो: जोरात चावले की भावंड केकाटते, खेळ थांबतो, आई दटावते. आपल्याकडे मात्र महिन्याभराचे पिल्लू ‘गोंडस आहे’ म्हणून उचलून घरी आणले जाते. किमान आठ आठवडे ते आईजवळ राहायला हवे. जे राहिले नाही, त्याचे हे शिक्षण अर्धे राहते आणि उरलेले माणसांना पुरे करावे लागते.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत संध्याकाळची वेळ वारंवार येते. दिवेलागणीला घरात वर्दळ वाढते. कोणी कचेरीतून येते, मुले खालून खेळून येतात, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, दारावरची घंटा हे सगळे एकदम सुरू होते आणि कुत्रा खोलीभर गिरक्या घेत पोटऱ्यांना दात लावू लागतो. घरच्यांना वाटते की त्याची शक्ती खर्ची पडलेली नाही. मग त्याला खाली नेऊन पाऊण तास चेंडू फेकला जातो, आणि तो वर येतो तो अधिकच पिसाळल्यासारखा वागत. या वयाच्या कुत्र्याला २४ तासांपैकी १४ ते १६ तास झोप लागते. दिवसभर घरातले कोणी ना कोणी त्याला हाक मारत, कुरवाळत, उठवत असेल तर संध्याकाळी तो झोपेला आलेल्या लहान मुलासारखा किरकिरा होतो, फक्त रडण्याऐवजी चावतो. अशा वेळी चेंडूने उत्तेजना आणखी चढते. पाच-साडेपाचच्या सुमारास त्याला अंधाऱ्या, शांत खोलीत तासभर झोपू द्यावे, त्याचे रात्रीचे खाणे वाटीत न घालता जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत पसरून हुंगून शोधायला लावावे, चघळायला एखादे टणक गाजर किंवा चिवट खेळणे द्यावे. हुंगणे आणि चघळणे या दोन्ही क्रियांनी कुत्रा शांत होतो. कितीतरी घरांत एवढ्या एका बदलाने तक्रार निम्म्यावर आलेली मी पाहिली आहे.

फिरायला नेण्याचेही तेच. पट्टा ताणून भराभर चालवण्यापेक्षा सैल, लांब दोरीवर त्याला हवे तेथे हुंगत रेंगाळू द्यावे. वेताळ टेकडी किंवा तळजईला पहाटे नेता आले तर उत्तमच, मात्र दोरी हातातून सोडू नये, कारण तेथे मोर आहेत. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढल्यावर डांबरी रस्त्यावर मुळीच नेऊ नये, तळवे भाजतात.

प्रत्यक्ष दात लागला त्या क्षणी काय करायचे? हात झटकन ओढून घेऊ नये, कारण पळणारी वस्तू पकडणे हा कुत्र्याचा उपजत खेळ आहे. हात सैल आणि स्थिर सोडावा, काही न बोलता नजर वळवावी आणि दुसऱ्या हाताने तोंडात धरता येईल असे काहीतरी पुढे करावे. त्याने ते धरले की खेळ चालू ठेवावा. पुन्हा हातावरच आला तर अर्धा-एक मिनीट आपण दाराआड किंवा जाळीच्या फाटकापलीकडे निघून जावे आणि मग राग न धरता परत यावे. त्वचेला दात लागला की सोबत संपते, खेळण्याला लागला की सोबत राहते, इतकाच हिशेब त्याला कळायला हवा. हा हिशेब घरातील सर्वांनी पाळला तरच तो कळतो. आजोबा हाताने मस्ती करणार आणि सूनबाई त्याच मस्तीसाठी रागावणार, असे चालले तर कुत्र्याने कोणाचे खरे मानावे? ‘आई गं’ म्हणून मोठ्याने ओरडण्याचा सल्लाही दिला जातो, पण पुष्कळ कुत्रे त्या आवाजाने अधिक चेकाळतात.

पळवलेल्या वस्तूंची गोष्ट याहून निराळी नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. आपण मात्र चप्पल पळवणाऱ्या कुत्र्यामागे रिकाम्या हाताने आणि आरडाओरडा करत धावतो. मग त्याला चप्पल पळवण्याचीच चटक लागते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, तोंडातली वस्तू राखण्यासाठी तो गुरगुरू लागतो. तुपाच्या वाटीचे तत्त्व येथे अगदी व्यवहार्य आहे: बदल्यात अधिक चांगले काही द्यावे, त्याने तोंडातले सोडले की ‘सोड’ हा शब्द उच्चारावा, आणि शक्य असेल तेव्हा पळवलेली वस्तूही पुन्हा त्याला द्यावी.

घरात मुले असतील तर त्यांना धावत, किंचाळत पळू नये असे शिकवावे. कुत्रा अंगावर आला तर हात छातीशी धरून, जमिनीकडे पाहत स्तब्ध उभे राहावे. दहा वर्षांखालील मूल आणि नवा कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये, मग तो कुत्रा कितीही गुणी असो.

खेळातला दात आणि इशाऱ्याचा दात यांतला फरक पालकांना ओळखता आलाच पाहिजे. खेळणाऱ्या कुत्र्याचे अंग सैल असते, तो पुढचे पाय टेकवून मागची बाजू उंच करतो, त्याच्या हालचाली उसळत्या असतात. याउलट अंग ताठ होणे, क्षणभर थिजणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, ओठ वर चढणे, खाण्याच्या वाटीजवळ किंवा झोपेतून उठवताना गुरगुरणे ही वेगळी लक्षणे आहेत. गुरगुरण्याबद्दल शिक्षा कधीही करू नये. तो त्याचा इशारा आहे. तो दाबला तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देता चावतो. अशी लक्षणे दिसली, किंवा वागणे अचानक बदलले, तर आधी पशुवैद्यकाकडे न्यावे. कान सुजलेला असणे, गोचिडांमुळे ताप असणे, सांधा दुखणे अशी साधी कारणे पुष्कळदा निघतात. गरज पडली तर जाळीचे मुसके वापरण्यात कमीपणा मानू नये. त्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते. मात्र खाऊ देत देत त्याची सवय आधी करावी लागते.

दात खेळताना लागला असला तरी कातडी फाटली किंवा ओरखडा उठला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट असले काहीही लावू नये. दत्तक कुत्र्याच्या लसीकरणाची कागदपत्रे हाती नसतील तर लस झालेलीच नाही असे धरून चालावे आणि त्याला रेबीजची लस ताबडतोब द्यावी. माणसांसाठीची लस शासकीय व महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही, म्हणून येथे ‘आपलाच तर कुत्रा आहे’ ही भिडस्त वृत्ती कामाची नाही.

आता भुंकण्याकडे येतो, कारण सोसायटीच्या सभेत विषय निघतो तो त्याचाच. भुंकणे थांबवण्याआधी ते कशासाठी आहे हे पाहावे लागते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सर्वांत मोठा दोषी माझ्या मते सेफ्टी डोअर आहे. वारा खेळता राहावा म्हणून आतले दार उघडे आणि बाहेरचे जाळीचे दार बंद, ही आपली जुनी सवय. कुत्र्याला त्या जाळीतून जिना, लिफ्ट, दूधवाला, कुरिअरवाला, समोरच्यांच्या कामवाल्या मावशी असे सगळे दिवसभर दिसत राहते. तो भुंकतो आणि माणूस निघून जातो. माणूस आपल्या कामाने गेला हे त्याला ठाऊक नसते. आपण हाकलले असेच त्याला वाटते, आणि रोज असे अनेकदा यश मिळाल्यावर तो ही नोकरी का सोडेल? त्यात आपले देशी कुत्रे पिढ्यानपिढ्या वस्तीची राखण करत आलेले आहेत. अनोळखी पावलाची वर्दी देणे त्यांच्या रक्तात आहे.

म्हणून पहिला उपाय कुत्र्यावर नसून दारावर आहे. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला जाड कापड किंवा अपारदर्शक कागद लावावा, त्याची बसण्याची जागा दारापासून दूर, शक्यतो आतल्या खोलीत करावी आणि वर्दळीच्या वेळी पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा. मग शिकवणी सुरू करावी. घंटेचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून अगदी बारीक आवाजात वाजवावा आणि लगेच त्याच्या सतरंजीवर खाऊ टाकावा. काही दिवसांनी आवाज थोडा वाढवावा. घंटा वाजली की दाराकडे धावायचे नसून सतरंजीकडे जायचे, हे त्याच्या अंगवळणी पडते. यात चिकाटी लागते, कौशल्य फारसे लागत नाही. घरच्यांनी ‘गप्प बस!’ असे ओरडणे मात्र पहिल्या दिवसापासून बंद करावे, कारण आपल्या पाठोपाठ घरचेही भुंकू लागले, असाच अर्थ त्याला लागत असावा.

काही मागण्यासाठी केलेल्या भुंकण्याला प्रतिसाद देऊ नये आणि तो गप्प झाल्याच्या क्षणी त्याच्याकडे लक्ष द्यावे. येथे एक सावधगिरी हवी: दुर्लक्ष सुरू केल्यावर भुंकणे कमी होण्याआधी काही दिवस वाढते. नेमक्या त्या वेळी कंटाळून पोळीचा तुकडा दिला तर जास्त वेळ भुंकले की मिळते, हे आपणच त्याला शिकवतो. शेजाऱ्यांना हे आधी सांगून ठेवावे.

एकटे राहिल्यावर होणारे भुंकणे, विव्हळणे, दार ओरबाडणे हा मात्र वेगळाच प्रकार आहे आणि तेथे दुर्लक्षाचा उपाय लावणे क्रूरपणाचे ठरते. कुत्रा मागणी करत नसतो, तो घाबरलेला असतो. घराबाहेर पडताना मोबाइलवर चित्रण चालू ठेवून पाहावे. दत्तक कुत्र्यांत हे बऱ्यापैकी आढळते, कारण त्यांनी आधीही माणसे गमावलेली असतात. मिनिटभर बाहेर जाऊन परत येणे, मग दोन मिनिटे, मग पाच, असे तो न घाबरता सहन करू शकेल तेवढेच वाढवत न्यावे, आणि तोवर शेजारच्या काकूंकडे, नातेवाइकांकडे त्याची सोय करावी. नोकरी करणाऱ्या जोडप्यांनी निदान पहिल्या पंधरवड्यात आळीपाळीने रजा काढावी, असे माझे आग्रहाचे सांगणे असते.

मारणे, नाकावर फटके, साखळीचा फास, विजेचा झटका देणारे पट्टे यांविषयी मला सौम्य भाषेत लिहिता येत नाही. ‘पंधरा दिवसांत कुत्रा सरळ’ अशा हमीने शहरात जे शिकवणीवर्ग चालतात, त्यांच्या चालकांना विचारावे की कुत्र्याने चूक केली तर तुम्ही नेमके काय करता. उत्तरात ‘कुत्र्याला मालक कोण ते कळले पाहिजे’ असे काही आले तर नमस्कार करून परत यावे. कळपातील वर्चस्वाची ही कल्पना १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांचे जे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यावरून पसरली. पुढे रानातील लांडग्यांचा अभ्यास करणारे डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की नैसर्गिक कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेनेही २०२१ च्या निवेदनात केवळ बक्षिसावर आधारलेल्या शिक्षणाचीच शिफारस केली आहे. धाकाने कुत्रा गप्प होतो हे खरे, पण भीती तशीच राहते आणि ती केव्हातरी दातांतून बाहेर पडते.

नसबंदीने हे सगळे आपोआप थांबेल, अशीही अनेकांची समजूत असते. नसबंदी अवश्य करावी. भटकणे, जागोजागी लघवी करणे यांत तिचा उपयोग होतो. भीतीपोटी भुंकणाऱ्या कुत्र्याचे भुंकणे तिने थांबत नाही.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावे की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार कुत्रा पाळण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही आणि भुंकणे हे त्यासाठी पुरेसे कारण मानलेले नाही. पालकांनीही लक्षात घ्यावे की भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका उत्पन्न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कुत्रा रस्त्यावर सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये आहे, तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल अशी आशा नको. त्यापेक्षा नवा कुत्रा आला की पालकांनी मजल्यावरच्या शेजाऱ्यांना स्वतः भेटून सांगावे, आपला फोन क्रमांक द्यावा. आणि समितीने नोटीस बजावण्याआधी तीन महिन्यांचा अवधी द्यावा. वॉचमनने काठी आपटून कुत्र्याला हुसकावू नये, लिफ्टमध्ये कुत्रा असेल तर पुढच्या फेरीने जावे, इतक्या साध्या गोष्टींनीही पुष्कळ भांडणे टळतात.

आपल्या पत्राद्वारे दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. महापालिकेकडून कुत्र्याचा परवाना घेताना पालकांना या विषयावरचे एक पानी मराठी माहितीपत्रक द्यावे. ते लिहून देण्याचे काम माझ्यासारखे निवृत्त लोक आनंदाने करतील. दत्तक देणाऱ्या संस्थांनी छायाचित्राखाली ‘अत्यंत शांत, मुलांशी छान’ असे सरसकट लिहिणे थांबवावे, कुत्रा कोणत्या वयात आहे आणि पुढचे काही महिने काय घडेल ते स्पष्ट सांगावे, आणि गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर या वयाचे कुत्रे नव्या घरी पाठवू नयेत. ढोल-ताशांच्या आणि फटाक्यांच्या आवाजात पहिला आठवडा काढलेला कुत्रा सावरायला फार वेळ लागतो. तुळशीच्या लग्नानंतर घरी आणलेल्याला निदान काही शांत महिने मिळतात.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
कर्वेनगर, पुणे